माणूस, मांजर की वाळत घातलेला रेनकोट: घरच्या कॅमेऱ्यांसाठी एआय सॉफ्टवेअर निवडताना

कॅमेरे बसवणारा मुलगा जाताना आपल्या फोनमध्ये ॲप टाकून देतो, 'मोशन अलर्ट' चालू करतो आणि "काही वाटलं तर कॉल करा" म्हणून निघून जातो. त्या रात्रीपासून फोन वाजायला लागतो. नारळाची झावळी हलली, वाजला. वळणाऱ्या गाडीचा उजेड कंपाउंडच्या भिंतीवर पडला, वाजला. मांजर गेलं, वाजला. आठवडाभरात घरातले सगळे नोटिफिकेशन म्यूट करतात. मग ज्या रात्री खरंच कुणी आत शिरतं, त्या रात्रीही फोन गप्पच राहतो.

यावर उपाय म्हणून ऑब्जेक्ट डिटेक्शन, म्हणजे चित्रात काय हललं ते ओळखणारं सॉफ्टवेअर. सध्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक खोक्यावर 'एआय' छापलेलं असतं, त्यामुळे लोक फीचरची यादी वाचून निवड करतात. माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे. फोन कधी वाजायला हवा ते आधी ठरवा. आणि सॉफ्टवेअर कुठलंही असो, आपल्याच अंगणातल्या रात्रीच्या फुटेजवर तपासल्याशिवाय ते पक्कं करू नका.

पायरी १: फोन कशासाठी वाजायला हवा?

कागद घ्या आणि साध्या मराठीत वाक्यं लिहा. 'रात्री ११ ते सकाळी ५ या वेळात फाटकाच्या आत माणूस दिसला तर.' 'दुपारी घरी कुणी नसताना मागच्या गच्चीवर कुणी आलं तर.' 'पार्किंगमधल्या गाडीजवळ कुणी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त रेंगाळलं तर.' प्रत्येक वाक्यात वेळ, जागा आणि काय दिसायला हवं, हे तिन्ही आलं पाहिजे. 'काहीही संशयास्पद घडलं तर' हे वाक्य बाद. संशय आपल्याला येतो, सॉफ्टवेअरला येत नाही.

पुण्यातल्या सहकारनगरच्या एका ओळखीच्या काकांनी मला विचारलं होतं, "अहो, ते सगळं राहू द्या, चोर आला की वाजणारं बटण कुठंय ते सांगा." असं बटण नाही. पहाटे साडेपाचला फाटक उघडणारा माणूस पेपरवाला आहे की आणखी कुणी, हे मॉडेलला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या ओळखणाऱ्या भागाला, कळत नाही, त्याला फक्त 'माणूस' कळतो. म्हणून काकांच्या कागदावर अलर्टची वेळ पाचला संपते आणि मग दूधवाला, पेपरवाला, कचरा न्यायला येणाऱ्या ताई यांचा प्रश्नच येत नाही.

कागदावर एकच वाक्य उतरलं असेल, 'दाराशी कुणी आलं तर', आणि आपण वाकड किंवा कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर पुढचा लेख वाचायची खरं तर गरज नाही. दाराबाहेर एक चांगला कॅमेरा लावा. त्यातच माणूस ओळखायची सोय असते, ती चालू करा आणि हालचालीचा सरसकट अलर्ट बंद करा. खाली गेटवर सिक्युरिटी आणि व्हिजिटर ॲप असताना फ्लॅटसाठी वेगळा संगणक चालवणं म्हणजे हौस. हौसेला माझी ना नाही, पण ती गरज म्हणून विकली जाऊ नये.

पुढचं सगळं धायरीच्या रो-हाउससाठी, औंधच्या जुन्या बंगल्यासाठी, मुळशीच्या फार्महाउससाठी आणि ज्यांच्याकडे चार-सहा कॅमेरे आहेत त्यांच्यासाठी.

पायरी २: हे सॉफ्टवेअर नेमकं काय ओळखतं?

बहुतेक फुकट आणि बऱ्याच विकतच्या सॉफ्टवेअरमधली मूळ मॉडेलं 'कोको' नावाच्या चित्रसंग्रहावर शिकवलेली असतात. त्यात वस्तूंचे ८० प्रकार आहेत. माणूस, सायकल, मोटार, मोटरसायकल, बस, ट्रक, कुत्रा, मांजर, गाय हे सगळं आहे. जिराफ आणि झेब्राही आहेत. रिक्षा नाही. म्हणजे आपल्या दारात थांबलेली रिक्षा कधी 'कार' होते, कधी 'ट्रक', आणि मागून दिसली तर कधी काहीच होत नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलबरोबर भारतीय रस्त्यांचा चित्रसंग्रह तयार केला, त्यात ऑटोरिक्षाचा स्वतंत्र वर्ग आहे. पण घरगुती सॉफ्टवेअरमध्ये तो आयता मिळेल असं धरून चालू नका. घरासाठी त्याची फारशी गरजही पडत नाही. 'वाहन फाटकात आलं' एवढं कळलं तरी पुरतं, म्हणून कार, ट्रक, बस, मोटरसायकल या सगळ्यांना एकच नियम लावायचा.

माकड, बिबट्या, रानगवा हेही त्या ८० मध्ये नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडमध्ये शिरलेला रानगवा अशा मॉडेलला दिसला असता तर बहुधा 'गाय' म्हणून नोंदला गेला असता. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ज्यांचं शेतघर आहे आणि कागदावर 'बिबट्या' लिहिलंय, त्यांनी मेगाडिटेक्टर हे मॉडेल बघावं. जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंसाठी ते केलेलं आहे आणि ते फक्त तीनच गोष्टी सांगतं: प्राणी, माणूस, वाहन. बिबट्या की कुत्रा हे ते सांगणार नाही, पण रात्री गोठ्याजवळ 'प्राणी' एवढं कळणंही कामाचं असतं. मात्र ते थेट कॅमेऱ्याला जोडायला हाताशी तंत्रज्ञ लागेल.

आता काम कसं चालतं ते थोडक्यात. आधी चित्रात हालचाल शोधली जाते, कारण ते स्वस्तात होतं. हालचाल दिसली की तेवढा तुकडा कापून मॉडेलला दिला जातो. मॉडेल चौकट आखून म्हणतं, 'माणूस, ७८ टक्के'. हा आकडा म्हणजे मॉडेलची स्वतःची खात्री. पार्किंगमध्ये ॲक्टिव्हाच्या आरशावर वाळत घातलेल्या, वर हूड असलेल्या रेनकोटलाही मॉडेल ७० टक्क्यांच्या वर 'माणूस' म्हणू शकतं, आणि वारा सुटला की तो 'माणूस' हलतोसुद्धा. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर एका फ्रेमवर भरवसा ठेवत नाही. त्याच वस्तूचा पुढच्या कितीतरी फ्रेममध्ये माग ठेवतं आणि मगच निकाल देतं. सॉफ्टवेअर निवडताना 'ट्रॅकिंग' आहे का, हा प्रश्न 'किती प्रकारच्या वस्तू ओळखतं' यापेक्षा महत्त्वाचा.

पायरी ३: कॅमेरा त्या लायकीचा आहे का?

इथे थोडं गणित आहे, पण ते टाळू नका. जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते कुठलंही एआय ओळखू शकत नाही.

सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६२६७६-४ च्या २०१४ च्या आवृत्तीत, दृश्याच्या दर मीटर रुंदीला किती पिक्सेल हवेत ते दिलंय. काहीतरी आहे एवढं कळायला २५, ओळखीच्या माणसाला ओळखायला १२५, अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. आपल्याकडे सर्रास लावतात तो २.८ मिमी लेन्सचा कॅमेरा साधारण १०५ अंश रुंद बघतो. ५ मीटरवर तो सुमारे १३ मीटर रुंदीचं दृश्य पकडतो. १०८० पी कॅमेऱ्याची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे मीटरला साधारण १४७ पिक्सेल. १० मीटरवर तेच ७४ वर येतं. त्यामुळे पोर्चच्या कोपऱ्यात कॅमेरा लावून १० मीटरवरच्या फाटकातल्या माणसाचा चेहरा हवा असेल, तर तो मिळणार नाही. तिथे ६ मिमीची लेन्स घ्या किंवा कॅमेराच फाटकाजवळ न्या. सॉफ्टवेअर बदलून हे सुटत नाही, आणि नेमका हाच पैसा लोक आधी सॉफ्टवेअरवर घालवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेरा दोन प्रवाह देतो का. मोठा प्रवाह रेकॉर्डिंगसाठी, छोटा, म्हणजे सबस्ट्रीम, ओळख करण्यासाठी. ६४० पिक्सेल रुंदीच्या सबस्ट्रीममध्ये वरच्याच कॅमेऱ्याला १० मीटरवरचा माणूस जेमतेम १२ पिक्सेल रुंद आणि ४० पिक्सेल उंच दिसतो. एवढ्यात मॉडेल चाचपडतं. सबस्ट्रीम १२८० पर्यंत वाढवता येते का, हे कॅमेरा घेण्याआधीच दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात बघा.

तिसरी, आरटीएसपी (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायची सामायिक पद्धत) आणि ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेलं मानक). बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर जोडायचं तर कॅमेऱ्याने आरटीएसपी प्रवाह दिला पाहिजे. स्वस्तातले बरेच वायफाय कॅमेरे फक्त स्वतःच्या ॲपशीच बोलतात. बॅटरीवर चालणारे तर जवळपास सगळेच. घरात आधीपासून चार चॅनेलचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डरची पेटी, आणि कोॲक्सची जुनी वायर असेल तर ती उपटून टाकायची घाई करू नका. बहुतेक डीव्हीआर प्रत्येक चॅनेलचा वेगळा आरटीएसपी प्रवाह देतात. जुने कॅमेरे तसेच ठेवून वर नवं सॉफ्टवेअर चालवता येतं, आणि बऱ्याच बंगल्यांना एवढंच पुरतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ प्लस, एच.२६५ प्लस किंवा 'स्मार्ट कोडेक' असलं काही चालू असेल तर बंद करा. जागा वाचवण्यासाठी ते मधल्या पूर्ण फ्रेम गाळतं आणि मग सॉफ्टवेअर अडखळतं.

नवीन वायरिंग करणार असाल तर पीओई घ्या: एकाच लॅन केबलमधून वीज आणि चित्र, १०० मीटरपर्यंत. तापकीर गल्लीत केबल घेताना 'सीसीए नको, पूर्ण तांब्याची द्या' असं ठासून सांगा. सीसीए म्हणजे वरून तांबं, आतून ॲल्युमिनिअम. स्वस्त पडते, पण लांब पल्ल्याला पीओईची वीज नीट पोचत नाही आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा रिस्टार्ट होत बसतो. वायफायवर एखादा कॅमेरा चालतो. चार-पाच कॅमेरे चोवीस तास वायफायवर ठेवून नंतर एआयला शिव्या देऊ नयेत. शिवाय ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने ठरवलेल्या सायबर सुरक्षेच्या अटी लागू आहेत, तेव्हा नवा कॅमेरा त्या प्रमाणपत्रासह आहे का हेही बिल करण्याआधी विचारून घ्या.

पायरी ४: हिशोब कुठे होणार?

तीन जागा आहेत. कॅमेऱ्यात, कंपनीच्या क्लाउडमध्ये, किंवा घरातल्या आपल्या पेटीत.

कॅमेऱ्यातली ओळख आता बरी झाली आहे. हिकव्हिजनची ॲक्युसेन्स किंवा डाहुआची विझसेन्स ही त्याचीच नावं. माणूस आणि वाहन एवढंच ती ओळखते, पण घरासाठी बहुधा तेवढंच लागतं. मर्यादा अशी की नियम बदलायची मुभा कमी, आणि प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं.

क्लाउडचं गणित अपलोडवर अडतं. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने सतत पाठवायचे तर ८ एमबीपीएस अपलोड दिवसरात्र लागतो. हे टाळायला बहुतेक सेवा फक्त छोट्या क्लिप पाठवतात, त्यामुळे घटनेच्या आधीचे काही सेकंद हुकतात. आणि वळवाच्या पावसात इंटरनेट गेलं की ओळखही गेली. महिन्याची वर्गणी वेगळी.

घरातली पेटी म्हणजे छोटा संगणक. एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी सध्या या कामासाठी सगळ्यात समंजस निवड आहे असं माझं मत. त्यातल्या इंटेलच्या ग्राफिक्स भागावर ओपनव्हिनो या इंटेलच्याच सॉफ्टवेअरच्या मदतीने ओळख चालते, वेगळं कार्ड लागत नाही. जुन्या लेखांमध्ये सगळीकडे गुगलचा कोरल नावाचा यूएसबी तुकडा घ्यायला सांगितलेला सापडेल. तो जेमतेम २ वॅटवर चालतो आणि एका चित्राला साधारण १० मिलिसेकंद घेतो, पण आता नव्या मांडणीसाठी फ्रिगेट (पुढच्या पायरीतलं सॉफ्टवेअर) बनवणारेसुद्धा सहसा त्याची शिफारस करत नाहीत. रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक आणि त्यावर हायलो-८एल ही एआय चिप, हा १३ टॉप्स (सेकंदाला १३ लाख कोटी क्रिया) क्षमतेचा पर्याय २०२४ पासून आहे. हात साफ असेल तर तोही चालतो.

घरातला जुना डेस्कटॉप वापरायचा मोह होतो. ८० वॅट खाणारा संगणक महिन्याला जवळपास ५८ युनिट जाळतो, १५ वॅटचा मिनी पीसी ११. महावितरणचं बिल आपल्याला वरच्या स्लॅबमध्ये ढकलत असेल तर 'फुकटचा' डेस्कटॉप फुकट राहत नाही.

पायरी ५: सॉफ्टवेअर

फ्रिगेट. फुकट, मुक्त स्रोत, घरातल्याच पेटीत चालणारं. डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर आयतं बांधून चालवायच्या डब्यात, टाकतात आणि होम असिस्टंट या घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी त्याचं उत्तम जमतं. माझी पहिली पसंती हीच, आणि कारण किंमत नाही. यात घटनांचे दोन ढीग होतात, 'अलर्ट' आणि 'डिटेक्शन'. कुठली गोष्ट कुठल्या ढिगात जाणार हे आपण ठरवायचं. पायरी १ मधली वाक्यं जशीच्या तशी यात बसवता येतात: ही जागा, ही वस्तू, एवढा वेळ रेंगाळली तर. घड्याळाची अट मात्र होम असिस्टंटमध्ये लावायची. २०२५ मधल्या ०.१६ आवृत्तीपासून चेहरा आणि नंबरप्लेट ओळखायची सोयही आत आली. आपल्या जागेच्या चित्रांवर मॉडेल सुधारून घ्यायचं असेल तर फ्रिगेट प्लस ही वर्षाला ५० डॉलरची वेगळी सेवा आहे. सुरुवातीला ती घेऊ नका.

अडचण एकच, मांडणी. बरीचशी गोष्ट एका मजकूर फाइलमध्ये लिहावी लागते आणि त्या फाइलमध्ये एक मोकळी जागा चुकली तर सगळं बसतं. घरात संगणकाशी खेळणारं कुणी नसेल तर फ्रिगेट बसवून देणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. तो बंगळुरूला नोकरी लागून गेला की पेटी पोरकी होते.

ब्लू आयरिस हे विंडोजवर चालणारं, परवाना विकत घेऊन वापरायचं. ज्यांचं आयुष्य विंडोजवर गेलं त्यांना ते पटकन समजतं. कारण सगळं खिडक्या आणि बटणांत आहे, लिहायचं काही नाही. एआयसाठी मात्र बरीच वर्षं ते वेगळ्या सर्व्हरवर अवलंबून राहिलं. आधी डीपस्टॅक होतं, त्यावरचं काम थांबलं, मग लोक कोडप्रोजेक्टच्या सर्व्हरकडे वळले. घेण्याआधी सध्याच्या आवृत्तीत ओळख कशावर चालते आणि ते कोण सांभाळतं हे बघा. विंडोजचे अपडेट रात्री तीनला मशीन रिस्टार्ट करतात, ते वेळापत्रकही आधी आवरून ठेवा.

घरात सगळे आयफोनवाले असतील तर स्क्रिप्टेड पाहा. जवळपास कुठलाही कॅमेरा ते ॲपलच्या होम ॲपमध्ये आणतं. एजंट डीव्हीआर हा आणखी एक पर्याय. सिनॉलॉजीचं नॅस, म्हणजे नेटवर्कवरची साठवणीची पेटी, आधीच घरात असेल तर त्यातल्या सर्व्हेलन्स स्टेशनमध्ये दोन कॅमेऱ्यांचा परवाना मिळतो, पण सगळ्या मॉडेलांवर एआय चालत नाही, तेवढं तपासा.

अलीकडे प्रत्येक घटनेचं वाक्यात वर्णन करून देणारी सोय आली आहे: 'निळा शर्ट घातलेला माणूस पिशवी घेऊन आला.' मजेशीर आहे. ती क्लाउडवर चालत असेल तर आपल्या अंगणाची चित्रं बाहेर जातात, एवढं लक्षात ठेवून मजा घ्या.

पायरी ६: आपल्याच फुटेजवर परीक्षा

खरी निवड इथे होते. सॉफ्टवेअर दोन असोत की तीन, सगळ्यांना तीच परीक्षा द्यायची.

आधी सध्याच्या डीव्हीआरमधून किंवा कॅमेऱ्याच्या कार्डवरून काही रात्रींचं रेकॉर्डिंग काढा. दुपारचं स्वच्छ उन्हातलं नको, ते सगळ्यांनाच जमतं. एक रात्र पावसाची हवीच. पुण्यात जूनमध्ये पहिल्या सरींनंतर इन्फ्रारेडच्या उजेडाला पाखरं जमतात, आणि लेन्सपासून दोन इंचांवरून गेलेलं पाखरू चित्रात पांढरा फराटा होऊन कबुतराएवढं दिसतं. पाऊस नसेल तर कोळ्याचं जाळं शोधा, ते कुठल्या ना कुठल्या कॅमेऱ्यासमोर असतंच.

मग चालायची परीक्षा. रात्री घरातल्या एकाला फाटकातून आत यायला सांगा. एकदा नेहमीसारखं. एकदा हेल्मेट घालून. एकदा रेनकोट घालून आणि छत्री उघडून. एकदा भिंतीकडेने वाकून. एकदा गाडीच्या आडून, कमरेपासून वरचाच भाग दिसेल असं. प्रत्येक वेळी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची. मुलांना या कामात फार उत्साह असतो, त्यांना चोर करा. उंचीचा फरकही आपोआप तपासला जातो.

नंतर कागदावर दोन रकाने. पहिल्यात, माणूस आला पण सॉफ्टवेअरला दिसला नाही. दुसऱ्यात, माणूस नव्हता पण 'माणूस' म्हणून अलर्ट आला. दुसऱ्या रकान्यातली प्रत्येक नोंद उघडून कारण लिहा: रेनकोट, तुळशीवृंदावनाची सावली, पाखरू, दोरीवरचं धोतर. कारणं तीन-चारच निघतात आणि तीच तीच येतात. ती जागेची असतील तर पुढच्या पायरीत जातील. पहिला रकाना मात्र सेटिंगने सहसा सुधारत नाही. तिथे वाकून आलेला माणूस सारखा सुटत असेल तर पायरी ३ कडे परत जा: कॅमेरा फार उंच आहे, किंवा उजेड कमी आहे. कॅमेरा सरळ वरून बघत असेल तर त्याला डोकं आणि खांदे दिसतात, आणि मॉडेलं तशा चित्रांवर फारशी शिकलेली नसतात. दहा-बारा फुटांवर, तिरका, हे बहुधा जमून येतं.

चेहरा ओळखायच्या सोयीची परीक्षा वेगळी घ्या. पुण्यात दुपारी दुचाकीवरून उतरणाऱ्या मुलीचा चेहरा स्कार्फ, गॉगल आणि वर हेल्मेट यांच्या आत असतो. आपली सख्खी पुतणी आपल्यालाच ओळखू येत नाही, तिथे मॉडेलचं काय. त्यामुळे 'ओळखीचा चेहरा असेल तर अलर्ट नको' असा नियम दिवसा फसतो आणि रात्री धोक्याचा ठरतो. मी तो कुणाच्याच घरी लावत नाही.

पायरी ७: झोन, मास्क आणि टक्के

झोन म्हणजे चित्रात आपण आखलेली जागा. फाटकाच्या आतली फरशी हा झोन, बाहेरचा रस्ता नाही. फ्रिगेटमध्ये माणूस झोनमध्ये आहे की नाही हे त्याच्याभोवतीच्या चौकटीच्या खालच्या कडेच्या मध्यबिंदूवरून ठरतं, म्हणजे साधारण पावलांवरून. झोन आखताना जमीन आखायची, हवा नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याचं डोकं आपल्या भिंतीवरून झोनमध्ये दिसलं तरी पावलं बाहेर असतात. हे कळलं की निम्मे खोटे अलर्ट संपतात. भिंतीमुळे पावलं झाकली जात असतील तर चौकट भिंतीपाशीच तुटते. तिथे झोनची कड थोडी आत घ्या.

मास्क, म्हणजे सॉफ्टवेअरला दुर्लक्ष करायला सांगितलेली जागा, जपून वापरा. हालचालीचा मास्क कॅमेऱ्यावरच्या तारीख-वेळेच्या पट्टीवर आणि सतत हलणाऱ्या झाडाच्या शेंड्यावर टाकायचा. जिथून माणूस येऊ शकतो त्या जागेवर टाकला तर तिथल्या हालचालीने ओळखच सुरू होत नाही आणि माणूस उशिरा पकडला जातो. रेनकोट टांगायची जागा ठरलेली असेल तर तिथे फक्त 'माणूस' या वस्तूचा मास्क टाकता येतो. रेनकोट दुसरीकडे टांगणं त्याहून सोपं.

फ्रिगेटमध्ये नव्या मांडणीला ७० टक्क्यांचा थ्रेशोल्ड, म्हणजे किमान खात्रीची अट, आयता असतो. तो लगेच ८५ वर नेऊ नका. आधी झोन, मग वस्तूचा किमान आकार, मग रेंगाळण्याचा वेळ आणि शेवटी टक्के. टक्के वाढवले की पाखरांबरोबर छत्रीतला माणूसही गळतो, आणि तो गळल्याचं आपल्याला कळतही नाही. दर सेकंदाला ५ फ्रेम तपासणं घरासाठी पुरे होतं. जास्त केल्याने फक्त पेटी तापते.

पायरी ८: दारं लावून घ्या

२०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कंपनीने दिलेल्या मूळ पासवर्डवर. कॅमेरा लावणाऱ्याने 'ॲडमिन' आणि एक ते सहा आकडे असा पासवर्ड ठेवला असेल तर आजच बदला, त्याच्यासमोर नाही. बाहेरून बघण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या व्हीपीएनमधून, म्हणजे फक्त आपल्यासाठी असलेल्या बंद वाटेने, आत या. बऱ्याच ब्रॉडबँडवर स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतच नाही, तिथे टेलस्केल सोपं पडतं. जमल्यास कॅमेऱ्यांचं इंटरनेट राउटरमधूनच तोडा. त्यांना फक्त पेटीशी बोलायचंय.

कायद्याचं थोडं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा व्यक्तीने स्वतःच्या घरगुती वापरासाठी केलेल्या कामाला लागू होत नाही. पण सोसायटी म्हणजे व्यक्ती नव्हे. कमिटीने लॉबीत चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवायची ठरवली तर सर्वसाधारण सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणण्याआधी वकिलाला विचारा. एकाच वाड्यात दोन भाऊ राहत असतील तर २०२५ मधला कलकत्ता उच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा: सहनिवाशाच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. समोरच्याचं दार चित्रात येत असेल तर कॅमेऱ्यातल्या प्रायव्हसी मास्कने तो भाग काळा करा आणि त्यांना फोनवर दाखवून या. घरात कामाला येणाऱ्या मावशींनाही कॅमेरा कुठे आहे आणि काय टिपतो ते सांगा.

पायरी ९: साठवण आणि वीज

४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी भरतो. चार कॅमेरे म्हणजे १७३ जीबी, आणि २ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. सगळं सतत तीन-चार दिवस ठेवायचं आणि अलर्ट तेवढे महिनाभर, ही वाटणी बहुतेकांना जमते. डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, सर्व्हेलन्स प्रकारातली घ्या.

इन्व्हर्टरवर पेटी असते पण राउटर नसतो, किंवा पीओई स्विच दुसऱ्याच खोलीतल्या साध्या पॉइंटवर असतो, हे इतकं सर्रास दिसतं की मेन स्विच स्वतः पाडून बघितल्याशिवाय मी काम संपलं म्हणत नाही. मेन पाडा, पाच मिनिटं थांबा, फाटकातून चालत आत या. फोन वाजला पाहिजे. मग मेन चालू करा आणि पेटी कुणी हात न लावता परत उठते का ते बघा. बऱ्याच मिनी पीसींमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायचं सेटिंग मूळचं बंद असतं, ते बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की पायरी ६ मधल्या चालण्याच्या क्लिप पुन्हा त्याच्यासमोर चालवा. त्यासाठी त्या क्लिप आणि दोन रकान्यांचा कागद जपून ठेवा. दिवाळीत आकाशकंदील लागला, पावसाळ्यात बोगनवेल वाढली, शेजारच्या प्लॉटवर बांधकामाचा हॅलोजन आला, तरी हेच करायचं. आणि महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने लेन्सवरचं जाळं पुसायचं.